न दिलेला बाप्तिस्मा

रेव्हरंड कमलाकर निर्मळ निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. मंडळीने शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, भाषणं केली आणि जाता जाता पाळकाचा बंगला लवकर रिकामा करा म्हणून सांगितलं. जालन्याकडच्या त्या मंडळीत स्कॉच मिशनऱ्यांच्या काळापासून रीतच होती की निवृत्त पाळकाने आपल्या जुन्या गावात राहायचं नाही. राहिला तर लोक नव्या पाळकाला डावलून जुन्याच्याच दारात येतात. रीत शहाणपणाची होती यात वाद नाही. पण शहाणपणाच्या रीती ज्याच्या डोक्यावर येऊन पडतात त्याला विचारा! पत्नी आदल्याच वर्षी गेली होती. म्हणून पाळकसाहेब लेकीकडे, विनीताकडे, सिंगापूरला आले आणि पासिर रिसच्या सरकारी ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर, नातीच्या खोलीच्या एका कोपऱ्यात राहू लागले.

ते साल चौऱ्याण्णव. जावई प्रसन्न साळवे जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होता. महिन्यातून एकदा त्याच्या फ्लॅटवर मराठी ख्रिस्ती मंडळींची भक्ती भरे. बंदरावरचे चार-दोन दर्यावर्दी, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी पोरं आणि लेकुरवाळी कुटुंबं येत. गाणी व्हायची, एखादा तरुण इंग्रजी-मराठीची खिचडी करून वचनावर बोलायचा आणि मग सगळ्यांना आठवायचं की कोपऱ्यात एक खराखुरा पाळक बसलाय. "पाळकसाहेब, शेवटची प्रार्थना तेवढी तुम्ही करा." प्रसन्न हळूच कानाशी म्हणे, "थोडक्यात हं, पप्पा. बिर्याणी निवतेय." मग पाळकसाहेब मुद्दाम जगातल्या सगळ्या आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, राज्यकर्त्यांसाठी आणि शेवटी बिर्याणीसाठीही सावकाश प्रार्थना करत.

सुंभ जळालं तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळालं नव्हतं, नुसतं अडगळीत पडलं होतं. दर शनिवारी ते आपली पांढरी कॉलर बॅगेतून काढत, धूत, तांदळाच्या पेजेत बुडवून कडक करत आणि पुन्हा बॅगेत ठेवत. विनीता म्हणायची, "पप्पा, कुठे घालायचीय आता ती?" त्यावर उत्तर ठरलेलं: "मी निवृत्त झालोय हे तिला अजून सांगितलेलं नाही."

अशा माणसाला ज्याच्याशी बोलता येत नाही असाच मित्र मिळाला, हे एका अर्थी बरंच झालं. ब्लॉकच्या खाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं आणि स्टुलं होती. तिथे रोज सकाळी सातव्या मजल्यावरचा कोह म्हातारा येऊन बसायचा. अंगात बनियन, पायात रबरी चपला आणि पुढ्यात काचेच्या पेल्यात दाट दुधाची कॉफी. त्याला हॉक्कियन ही चिनी बोली यायची, यांना मराठी आणि इंग्रजी. दोघांच्या मध्ये बाजारातल्या मलायचा एक मोडका पूल होता. कोह विचारायचा, "सुदा माकान?" म्हणजे, जेवलास का? इथे नमस्काराच्या जागी हेच विचारतात. पाळकसाहेब म्हणायचे, "सुदा." जेवलो. कधी खरंच जेवले नसले तर म्हणायचे, "बेलुम," अजून नाही. मग कोह आपल्या प्लास्टिकच्या पिशवीतून पाव काढून अर्धा पुढे करायचा. एवढ्या भांडवलावर दोन वर्षं मैत्री चालली. भरपूर शब्द असलेल्यांच्या मैत्र्या कुठे एवढ्या टिकतात!

कोहला ख्रिस्ती करायचा प्रयत्न पाळकसाहेबांनी केलाच नाही असं नाही. चाळीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. एकदा त्यांनी बायबल खाली नेऊन टेबलावर ठेवलं. कोहने पानं उलटली, एक पान दोन बोटांत धरून चोळून पाहिलं आणि कागद उत्तम आहे अशी खूण केली. विषय तिथेच संपला.

कोह मूळचा पुलाउ उबीनचा. जन्म त्या बेटावरच्या दगडाच्या खाणीत गेलेला. बायको वारल्यावर मुलाने, डॅनियलने, त्याला या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. एका शनिवारी कोहने पाळकसाहेबांना बसने चांगीच्या धक्क्यावर नेलं, तिथून बमबोट नावाच्या छोट्या मोटारहोडीत बसवून उबीनला नेलं आणि आपलं जुनं घर दाखवलं. पत्र्याचं छप्पर, दाराला कुलूप. खिडकीतून आतली भिंत दिसत होती. भिंतीवर देव्हारा होता तिथे धुराचा काळा डाग राहिला होता. बेट सोडताना म्हाताऱ्याने पंखा, टीव्ही सगळं मागे टाकलं होतं. देवापुढच्या उदबत्त्यांची वर्षानुवर्षांची राख मात्र बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरून मांडीवर घेऊन तो होडीत बसला होता. तो डबा आता सातव्या मजल्यावर, त्याच्या दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये असायचा. रविवारी भेटायला आला की डॅनियल त्या डब्याकडे बघून तोंड वाकडं करायचा.

त्या खिडकीशी उभं राहून कोहने काळ्या डागाकडे बोट केलं, मग हवेत डब्याचा आकार काढला, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून डोळे मिटले आणि तीन बोटं वर केली. मी मेलो की तीन उदबत्त्या. ते कळायला भाषा लागत नव्हती. पाळकसाहेबांनी जन्मभर मूर्तिपूजेवर खणखणीत प्रवचनं झोडली होती. त्यातलं एक जिभेवर आलंही. पण समोरच्या माणसाचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं आणि मान डोलावली. मान डोलावली म्हणजे शब्द दिला, हे खाणीतल्या माणसालाही कळतं आणि पाळकालाही.

शहाण्णवच्या जूनमध्ये कोहला अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलने काही दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना समजला.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी डॅनियल कोह संत्र्यांची पिशवी घेऊन नवव्या मजल्यावर आला. हा डॅनियल म्हणजे यार्डातला प्रसन्नचा बडा साहेब. प्रसन्नचं कंत्राट पुढच्या महिन्यात नवं व्हायचं होतं आणि त्यावर सही याची. त्यामुळे प्रसन्नने सोफ्यावरची मुलीची दप्तरं, कपडे एका झटक्यात आत फेकले. डॅनियल बराच वेळ ताकाला जाऊन भांडं लपवत राहिला. उकाडा किती आहे, प्रसन्नचं काम किती चांगलं आहे, असं सगळं झालं. मग एकदम इंग्रजीत म्हणाला, "अंकल, तुम्ही पाळक आहात. डॅडना बाप्तिस्मा द्या."

"मी?" पाळकसाहेब म्हणाले.

"आमच्या चर्चचे पास्टर परदेशात गेलेत. डॉक्टर म्हणतात वेळ नाही." संत्र्यांची पिशवी अजून डॅनियलच्या हातातच होती. "मी एकटा स्वर्गात जाणार आणि डॅड नाही, हे मला सहन होत नाही, अंकल. प्लीज."

माणूस ढोंगी नव्हता. बापावर जीव होता त्याचा, फक्त तो जीव बापाला न विचारता चालत होता.

आणि पाळकसाहेब? खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना कोहची आठवणच नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पाळकाचं काम सांगत होतं. छातीत असं काही भरून आलं की विचार करायच्या आतच तोंडातून गेलं, "येतो." आत जाऊन त्यांनी बॅग उघडली. कॉलर कडक होती. आरशात मान आपोआप ताठ झाली. विनीता दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, आईच्या मागे पप्पा आज पहिल्यांदा पुरते घरात आहेत.

सातव्या मजल्यावर कोह खाटेवर डोळे मिटून पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. उशाशी चिनी मातीच्या वाडग्यात पाणी काढून ठेवलेलं. डॅनियल होता, त्याच्या चर्चमधले दोन मित्र होते, दिवसभर सांभाळायला ठेवलेली एक बाई होती आणि पाळकसाहेबांच्या मागोमाग प्रसन्नही आला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग सवयीने, जसं जन्मभर विचारलं तसं, मराठीतच विचारलं, "तू आपल्या इच्छेने हा बाप्तिस्मा मागतोस काय?"

त्यांच्या मंडळीत मोठ्या माणसाला हा प्रश्न तीनदा विचारायची रीत होती. तीनदा, सगळ्यांसमोर, आणि उत्तर त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचं. पाळकसाहेब थांबले.

"ते बोलू शकत नाहीत, अंकल," डॅनियल म्हणाला. "त्यांच्या वतीने मी हो म्हणतो."

वाडग्याकडे गेलेला हात तिथेच थांबला.

पाळकसाहेबांचे आजोबा म्हसू. त्यांनी बाप्तिस्मा मागितला तेव्हा मिशनच्या स्कॉच साहेबाने त्यांना वर्षभर ताटकळत ठेवलं होतं. जा, विचार करून ये. पुन्हा जा, पुन्हा विचार कर. मग भर मंडळीत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हो म्हणताना म्हसूला पुरतं माहीत होतं की संध्याकाळपर्यंत गावकीची भाकर बंद होणार. झालीच. बायकोला तिच्या भावांनी माहेरी नेऊन बसवलं. म्हसूच्या भावांनी तो जिवंत असताना त्याचं दहावं घातलं. पिंडाला कावळा शिवला की नाही, हे मात्र निर्मळांच्या घरात कधी कुणी सांगितलं नाही. त्या तीन 'हो'वर त्यांच्या तीन पिढ्या उभ्या होत्या. ते 'हो' दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत असतं, तर म्हसूने एवढं गमावलं कशासाठी?

ते वाकले आणि कोहच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "कोह. सुदा माकान?"

डॅनियलच्या मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले, भिरभिरले, पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर येऊन ठरले. वाकडे ओठ हलले.

"बेलुम."

डॅनियल धावत खाटेशी आला. "डॅड!"

पाळकसाहेबांनी त्याला हाताने थोपवलं. त्यांनी वाडगा उचलून कोहला दाखवला, स्वतःच्या कॉलरला बोट लावलं, मुलाकडे बोट केलं आणि होतं नव्हतं तेवढं मलाय गोळा करून सावकाश विचारलं, "डॅनियल पुन्या तुहान, माउ?" डॅनियलचा देव. हवा का?

कोहने वाडग्याकडे पाहिलं, कॉलरकडे पाहिलं, मुलाकडे मात्र बराच वेळ पाहिलं. मग कॉफीचा दुसरा पेला नको म्हणावं इतक्या साधेपणाने म्हणाला, "ताक माउ."

नको. हे कळायला कुणाला दुभाष्या लागला नाही.

"त्यांना काय कळतंय, अंकल! शुद्धीवर नाहीयेत ते."

"जेवलो नाही हे कळतंय ना त्यांना? मग हेही कळतंय."

"पाणी तर लावायचंय नुसतं," एक मित्र समजुतीच्या सुरात म्हणाला.

"नुसतं पाणी असतं तर तुम्हीच लावलं असतंत. मला कशाला बोलावलंत?" पाळकसाहेबांचा आवाज चढला. या आवाजाने एकेकाळी जालन्यातली मागच्या बाकावरची माणसंही जागी होत. "विचारल्यावर जो नको म्हणतो, त्याच्या डोक्यावर पाणी घालणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, चोरी आहे. मी करणार नाही."

त्यांनी चमचा त्याच पाण्यात बुडवून कोहचे सुकलेले ओठ ओले केले. मग त्या बाईकडे वळून म्हणाले, "भूक लागलीय त्यांना. पातळ पेज करा." आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले.

वर आल्यावर प्रसन्नने दार लावून घेतलं. "पप्पा, हे काय केलंत? माझा साहेब आहे तो!"

"तुमचा साहेब आहे, प्रसन्नराव. माझा वेगळा आहे."

"अहो, एवढ्याशा बाळांना देताच ना तुम्ही बाप्तिस्मा? ती कुठे हो म्हणतात?"

"म्हणत नाहीत. म्हणून मोठी झाल्यावर त्यांना मंडळीसमोर उभं करून विचारतो. आईबापांनी तुझ्यासाठी हो म्हटलं होतं, आता तुझं काय ते सांग. कोहला मोठं व्हायला तुम्ही वेळ कुठून आणणार?"

प्रसन्नने पायातल्या चपला दाराशी भिरकावल्या. "उद्या माझं कंत्राट गेलं तर हेच सांगा विनीताला. मंडळी काय म्हणतील, पाळकाने बाप्तिस्मा नाकारला?"

"म्हणू दे. शेवटची प्रार्थना दुसऱ्या कुणाला सांगा. बिर्याणीही गरम मिळेल."

विनीताने बापाच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. पाळकसाहेबांनी कॉलर काढून बॅगेत ठेवली. भीती नव्हती असं नाही. उद्या या घरातून जायची वेळ आली तर जायला गाव नव्हतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

कोह तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. पेज त्याने दोन-तीन चमचे घेतली होती म्हणे.

ब्लॉकच्या खाली, त्याच दगडी टेबलांच्या जवळ, पांढरे पडदे लागले. शवपेटी आली, फुलांचे चक्राकार हार आले, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या, भुईमुगाच्या शेंगांच्या बशा फिरू लागल्या. डॅनियलच्या चर्चचे लोक इंग्रजी गाणी म्हणू लागले. उदबत्ती कुठेही नव्हती. पाळकसाहेब जिन्याने खाली येत होते. सातव्या मजल्यावर कोहच्या दाराबाहेर डबा नव्हता. तो त्यांना तळमजल्यावर कचऱ्याच्या ढिगाशी सापडला. झाकण उघडं, अर्धी राख सांडलेली.

त्यांनी गुडघे टेकून हाताने राख गोळा करून डब्यात भरली. मग परत वर गेले, हात धुतले, कॉलर घातली.

"पप्पा, कॉलर घालून जाताय?" विनीताने विचारलं. तिने डबा पाहिला होता.

"घालूनच."

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी उदबत्त्यांचा पुडा घेतला आणि कोहच्या स्टुलासमोर, आपल्या नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसले. डबा टेबलावर ठेवला. तीन उदबत्त्या पेटवल्या आणि राखेत रोवल्या. हात जोडले नाहीत, मान वाकवली नाही. नुसते ताठ बसून राहिले, पहाऱ्याला बसावं तसे. धूर पडद्यांकडे गेला. गाणं विसकटलं. माना वळल्या. पांढऱ्या कॉलरमधला एक काळा म्हातारा आणि त्याच्यापुढे जळत्या उदबत्त्या, असं दृश्य त्या चर्चच्या लोकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. भक्तीतले जे मराठी लोक प्रसन्नच्या साहेबाला भेटायला आले होते त्यांनी तर बघवेना म्हणून शेंगा सोलायला घेतल्या. प्रसन्न त्यांच्यात मान खाली घालून उभा होता.

डॅनियल तरातरा आला. डोळे लाल झालेले. "अंकल, तुम्ही पाळक आहात! तुम्ही हे करता?"

"मी पूजा करत नाहीये. मित्राला शब्द दिला होता, तो पाळतोय. माझ्या देवाला हे चाललं की नाही, ते मी त्याच्याशी बोलून घेईन. आमची जुनी ओळख आहे."

"विझवा ते."

"नाही."

"हा माझ्या वडिलांचा अंत्यविधी आहे!"

"म्हणूनच. तिकडचं सगळं तुझं आहे. तुझी गाणी, तुझी फुलं, मी एक शब्द काढला नाही. एवढं टेबल मात्र त्यांचं आहे. या तीन जळून संपेपर्यंत मी इथून उठणार नाही. उठवायचं असेल तर उचलून न्यावं लागेल, आणि मी वजनाला कमी नाही."

डॅनियलचा हात डब्याकडे गेला. पाळकसाहेब हलले नाहीत. प्रसन्न मात्र हलला. गर्दीतून पुढे आला आणि सासऱ्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण उभा राहिला.

डॅनियलचा हात हवेत राहिला, मग खाली आला. तो बापाच्या स्टुलावर मटकन बसला. "त्यांनी मला नको म्हटलं," तो म्हणाला. "शेवटचा शब्द. नको."

"तुला नाही म्हटलं. तुझ्याकडे किती वेळ बघत होते ते मी पाहिलंय. विचारलं म्हणून त्यांनी उत्तर दिलं. दोन वर्षांत तू त्यांना काय हवं ते किती वेळा विचारलंस?"

धूर दोघांच्या मधून वर जात होता. माणूस तीन दिवसांत खंगला होता, गालफडं आत गेली होती. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि इंग्रजी सोडून विचारलं, "सुदा माकान?"

डॅनियलने मान वर केली. हे वाक्य या टेबलाशी कोण कुणाला विचारत असे ते त्याला माहीत होतं. ओठ हलले, थोडे वाकडे झाले.

"बेलुम," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांत तोंड लपवून लहान पोरासारखा रडायला लागला.

पाळकसाहेबांनी मागे वळून जावयाकडे पाहिलं. "प्रसन्नराव, विनीताला सांगा भाकरी आणि पिठलं खाली पाठव म्हणून. दोघांचं." मग ते पुन्हा समोर वळले. पहिल्या उदबत्तीची राख वाकली होती, पडायच्या बेतात होती. दोन अजून अर्ध्यावर होत्या. भाकरी यायला तेवढा वेळ पुरेसा होता.